नवसाचा पहिला घास

गोवऱ्यांच्या धुराचा वास आला की कामरगावजवळचं आमचं शेत आठवतं आणि माझी मूठ आपोआप आवळते. माझी लेक ऑटिस्टिक आहे. तेव्हा ती लहान होती, अजिबात बोलत नव्हती. पथ्याने ती बोलेल असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी तिचं गहू-दूध बंद केलं होतं, आणि सासूबाईंनी नात बोलावी म्हणून देवाला रोडगे कबूल केले होते. कणकेचे ते गोळे शेतातच गोवऱ्यांच्या विस्तवात भाजले, राख झटकून तुपात बुडवले, नैवेद्य झाला, पंगत बसली. पण कोणी जेवेना, कारण जिच्यासाठी नवस, पहिला घास तिचा. सासूबाईंनी तूप निथळणारा तुकडा तिच्या तोंडाशी नेला. मी त्यांचं मनगट धरलं. "सोड माहा हात. देवाचं हाय, यानं काय होते तिले?" "देवाचं असो की कोणाचं, गहू नका देऊ तिले." नवरा पत्रावळीकडे पाहत राहिला. मी दुसऱ्या हाताने ज्वारीची भाकर पुढे केली. लेकीने आम्हा दोघींचे हात बाजूला ढकलले, उठली, आणि भरतासाठी विस्तवात भाजून काढून ठेवलेलं वांगं सालासकट खायला लागली. सासूबाईंचं मनगट अजून माझ्या मुठीतच होतं. "वांग्यात तं गहू नसते ना?" सासूबाईंनी घुश्शातच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "मंग जेवा रे," त्या पंगतीला म्हणाल्या. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते पथ्य सुटलं. लेक आजही बोलत नाही. मी ताट वाढते, तिच्यापुढे ठेवते आणि हात मागे घेते.