परक्या भाषेतली उपकारस्तुती

बायको जाऊन वर्ष झालं आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रिवाजाप्रमाणं घरी उपकारस्तुतीची सभा ठेवायची वेळ आली. म्हणजे लोक बोलवायचे, प्रार्थना करायची आणि देवाचे आभार मानायचे. कशाचे आभार, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. सगुणा पोटाच्या दुखण्यानं झिजून गेली. मंडळीनं तिच्यासाठी उपास केले. मी फाउंड्रीतनं आलो की हातपाय धुऊन गुडघे टेकायचो. मिळालं काय? मी चौथी शिकलेला, साचे भरण्यात जन्म गेलेला माणूस. पण जे दिलंच नाही त्याचे आभार कसले मानायचे, एवढं मलाही कळतं. तरी देव नाही असंही म्हणवत नव्हतं. तो नसेल तर मग मी रोज भांडत होतो कुणाशी?

"मामा, लाडू सांगून झाल्यात," सून रूथ म्हणाली. "आता न्हाय म्हणू नगासा."

"लाडू खाऊ देत की. गीत मी म्हणणार न्हाय."

आमच्यात पहिलं गीत घरधन्यानं उचलायचं असतं. त्यानं तोंड उघडल्याशिवाय सभा सुरू होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी घर भरलं. रूथनं मला नवा सदरा घालून मधल्या खुर्चीत बसवलं. पाळकांनी बरोबर एक परदेशी पाव्हणा आणला होता. कागलच्या एमआयडीसीत मशीन बसवायला मेक्सिकोहून आलेला, रविवारी आमच्या उपासनेत मागं बसायचा. मराठी एक अक्षर येत नव्हतं. पाळक म्हणाले, "आबा, घ्या." मी मान खाली घातली. कुणीतरी खोकलं. रूथ पदरानं डोळे पुसत होती, ते दिसत होतं, पण माझा जबडा हलेना. खोटं म्हणायचं नव्हतं आणि खरं म्हणण्याची ती जागा नव्हती.

तेवढ्यात तो पाव्हणा उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या भाषेत गायला लागला. जाड, मोकळा आवाज. एक शब्द फिरून फिरून यायचा, ग्रासियास. मला वाटलं, याला कुणीतरी माझं सांगितलंय आणि हा माझ्या वतीनं देवापाशी रडतोय. आतनं काहीतरी सुटलं. पुढच्या वेळी तो शब्द आला तेव्हा तो माझ्याही तोंडातनं निघाला. मग येत गेला. मी रडत होतो आणि म्हणत होतो, वर्षभर न फुटलेला आवाज घर भरून निघत होता.

संपल्यावर मी पाळकांना विचारलं, "काय मागत हुता वो ह्यो?"

"मागत नव्हता, आबा. उपकारस्तुतीच होती ती. ग्रासियास म्हणजे आभार." मग हसू दाबत म्हणाले, "नवा सदरा, लाडू बघून त्याला वाटलं, तुमचा वाढदिवस आहे."

मला रागच आला. "म्हंजे मला न इचारता आभार मानून घेतलंसा व्हय?" लोक हसले. पाव्हणाही हसला, त्याला काही न कळता. मी मात्र गोंधळून बसलो. न समजता मानलेले आभार देवाला चालतात का? मला आजही ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की वर्षभर छातीवर असलेला धोंडा त्या रात्री नव्हता, आणि सगुणा मरताना नव्हे, तर दारात बसून भाकरी खाताना डोळ्यांपुढं आली.

तिला का नेलं, हे देवानं मला सांगितलेलं नाही. सांगेल असंही वाटत नाही. सगळं समजल्यावर आभार मानू म्हणून मी अडून बसलो होतो, ते अडणं सोडलं. पुढच्या रविवारी उपासनेत मी आपण होऊन उभा राहिलो आणि मराठीत उपकारस्तुतीचं गीत उचललं, अर्थ कळत असताना. दुसऱ्या कडव्यात आवाज गेला. मी तसाच उभा राहिलो. राहिलेलं मंडळीनं म्हटलं.