पंखावरचा पंजा

हॅन्कॉकच्या छोट्या विमानतळावरून सकाळी सुटणाऱ्या विमानाच्या शेपटीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह होतं. तिकिटं तिचीच आणि दारावर उतारू मोजणारी डोनाही तिचीच. विमान चालवणारी माणसं मात्र धाकट्या कंपनीची, कंत्राटावरची. विमान सुटलं तरच धाकटीला पैसे मिळत, आणि काही बिघडलं की मोठी म्हणे, ते आमचे वैमानिक नव्हेत.

आयरीन कांगासचा सारा जन्म या धाकटीत गेला. नव्या पोरांना शिकवून तयार करणं हे तिचं काम. पोरं तयार झाली की मोठी कंपनी त्यांना उचलून नेई आणि धाकटीत पुन्हा खुर्च्या रिकाम्या. त्यामुळे वरून घाई असे आणि आयरीन कुणाला आवडत नसे.

त्या सकाळी धाकटीच्या मुख्य वैमानिकाचा, मॅडॉक्सचा, फोन आला, तेव्हा ती काल रात्रीची पास्टी, मांस-बटाट्याची मोठी करंजी, गारच खात होती.

"आयरीन, आज ब्रॅडी हॉलकोमचं शिकाऊ म्हणून शेवटचं उड्डाण. सही करून टाक. सोमवारपासून तो मला हवाय."

"सही करण्यासारखा असेल तर करीन."

"तू शिकवण्याच्या कामावर आहेस ते माझ्या मर्जीने, हे विसरू नकोस."

या विमानाचा एक नियम होता. थंडीत उड्डाणाआधी वैमानिकाने हातमोजा काढून पंखावर उघडा तळवा फिरवायचा. बर्फाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतो आणि तेवढाही पंखाला जड जातो. आयरीनची त्यावर स्वतःची एक रीत होती. पोरगं बाहेरून तपासणी करून आलं की ती हात पुढे करी. नवख्यांना तो जुन्या वळणाचा शिष्टाचार वाटे. खरं म्हणजे ती हाताचा गारठा बघायची.

ब्रॅडी आत आला. "पंख स्वच्छ आहेत, कॅप्टन," म्हणाला आणि तिने हात पुढे करायच्या आत त्याने स्वतःच केला.

हात बर्फासारखा गार होता. पण बाहीच्या काठाला बर्फाचे दाणे चिकटलेले होते. आयरीनने कोट चढवला.

"कुठे निघालात?"

"फिरायला."

पंखाच्या कडेवर पिठीसाखर चाळून ठेवावी तसा थर होता. त्यावर बोटाची एक रेघ नव्हती. खाली चाकाशेजारच्या बर्फात मात्र चार बोटांनी ओरबाडलेला खळगा होता.

ती परत आली. "कुणी सांगितलं तुला हात गार करून ये म्हणून?"

ब्रॅडी हसला. "सगळ्यांना माहीत आहे तुमचं ते. कॅप्टन, पाच मिनिटांत धुऊन घेऊ पंख. सांगायचं कशाला कुणाला?"

"पंखाला हात लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच खाली वाकायला लागतो. तू वाकलास."

डोना दारातून ओरडली, "अहो, काय चाललंय? उशीर झाला तर तो तुमच्या नावावर टाकीन हं! तुमच्या धाकटीची रोजची रड आहे ही."

"टाक. आणि पंखांवरचा बर्फ धुणारी गाडी बोलाव."

"एवढा ताठा होता तर मोठीत का नाही गेलात?" ब्रॅडी पुटपुटला. "बोलावलंच नसेल कुणी."

खरंच बोलावलं नव्हतं. आयरीनने पंख धुऊन घेतले. विमान उशिरा का होईना, डेट्रॉइटला नीट उतरवलं आणि तिथे ब्रॅडीच्या शिकाऊपणाच्या कागदावर 'अपुरा' लिहून खाली सही केली.

मॅडॉक्सने संध्याकाळीच तिला शिकवण्यावरून काढलं. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी ब्रॅडीला पास केलं. कॉफीच्या यंत्रापाशी पोरं एकमेकांचे हात हातात घेऊन "अरे बापरे, कॅप्टन कांगास!" करत आणि ती आली की पटकन हात सोडत.

फेब्रुवारीत वेळापत्रकाने आयरीन आणि ब्रॅडीला पुन्हा हॅन्कॉकलाच एका विमानात बसवलं. ब्रॅडी बाहेरून आला. या वेळी हात खिशात होते.

"डाव्या पंखावर थर आहे. गाडी बोलावलीय."

आयरीन उठली.

"आता तुम्ही शिकवत नाही मला," तो म्हणाला.

"नाही. पण विमान माझ्या ताब्यात आहे."

डाव्या पंखावर पंजा उमटलेला होता, पाची बोटं पसरून मुद्दाम दाबलेला, जणू तिच्या तोंडावर मारावा तसा. तिने हातमोजा काढला आणि त्याच्या शेजारून, मग त्याच्या पुढे, हात पोचेल तिथवर तळवा फिरवला. मग वळसा घालून उजव्या पंखाकडे गेली. तिथेही तसाच पंजा होता, पण ओल्या तळव्याचा; त्याभोवतीची कड कोरडी होती, बर्फ नव्हता.

ती आत येऊन बसली तेव्हा बोटं आखडली होती.

"माझा पंजा सापडला?" ब्रॅडीने विचारलं.

"सापडला."

"मग?"

"मग काय? गाडी येऊ दे."

गाडी येईपर्यंत दोघंही समोरच्या काचेकडे बघत बसले. ब्रॅडीचे हात अजून खिशातच होते, आणि आयरीननेही हात पुढे केला नाही.