माझंच बोलणं माझ्यावर

नंदनवन वस्तीतल्या एका पंप कंपनीच्या तक्रार केंद्रात मी सहा वर्षं फोन घेतले. मोटर बंद पडली की शेतकरी चिडून फोन करायचे. मी म्हणायची, "दादा, फोन जरा मोटरजवळ धरा." नुसत्या घरघरीवरून बेअरिंग गेलंय की मोटर कोरडी फिरतेय, हे मला बहुतेक वेळा कळायचं. नरखेडकडच्या एका संत्राबागेच्या बाईंनी दुरुस्ती झाल्यावर मुद्दाम परत फोन केला. "तुम्ही सांगतलं तेच निघालं वं माय!" त्या दिवशी मी घरी जाताना बस सोडून चालतच गेले, इतकी खूश होते.

कान असे लहानपणापासूनच. पण त्या कानांतून बाकीचंही सगळं आत शिरतं. हॉलमध्ये साहेब दुसऱ्या कुणावर ओरडले तरी मला ते लागायचं. मग मी बाथरूममध्ये जायची, नळ सोडून रडायची, तोंड धुऊन परत फोनवर बसायची. त्यापायी एकही तक्रार कधी अडली नाही.

हे फक्त शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला माहीत होतं. तिची सासू दवाखान्यात होती तेव्हा तिच्या कामाच्या पाळ्या मी केल्या होत्या. एकदा माझे डोळे बघून तिनंच खोदून विचारलं होतं, "काय झालं वं? मले नाही सांगशील तं कोणाले सांगशील?" मी सांगून टाकलं. किती हलकं वाटलं होतं तेव्हा.

गेल्या वर्षी नव्या मुलींना शिकवायची जागा निघाली. मी अर्ज केला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात म्हणाले, "काम तुमचं उत्तमच आहे. पण तुम्ही बाथरूममध्ये जाऊन रडता, असं कळलं. ही जबाबदारी तुम्हाला झेपायची नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी तिला गाठलं. "साहेबाले काहून सांगतलं तू?"

तिनं पोळीचा घास मोडला. "तुह्या भल्यासाठीच सांगतलं वं. तुले टेन्शन झेपत नाही, तूच म्हणत होती ना? खोटं सांगतलं का मी?"

खोटं नव्हतं. मी डबा न उघडताच फोनवर परत गेले.

सोमवारी त्या जागेवर तिचं नाव लागलं. तिनंही अर्ज केला होता, हे मला तेव्हा कळलं. तिनं पेढा पुढे केला आणि मी तो घेतला. तो घेतल्याचा राग मला अजून येतो. पुढच्या आठवड्यात ती मुलींना शिकवताना ऐकू आली, "गिऱ्हाइकाले म्हणायचं, फोन मोटरजवळ धरा." मुली लिहून घेत होत्या.

दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला. आता कळमन्याच्या बाजारात एका फळांच्या अडत्याकडे बिलं बनवते. मुलाखतीत मालकांनी विचारलं होतं, "दिवसभर लिलावाचा गोंगाट असते इथं, जमन ना तुमाले?" खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. मी म्हणाले, "जमेल की."

जमवतेही आहे. बिलं चुकत नाहीत, मालक समाधानी आहेत. फक्त संध्याकाळी घरी कुणी विचारलं, आज काय झालं कामावर, तर सांगावंसं काही सापडत नाही.