चित्रकथीच्या चित्रांवरचे आकडे

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसणारी बाई. नोकरीच तशी — वेंगुर्ल्यातल्या एका संशोधन ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहात येईल त्या वस्तूची नोंद करायची. नोंद नसेल ते माझ्या लेखी नाहीच!

गेल्या वर्षी पिंगुळीच्या एका चित्रकथी आजोबांची पोथी आमच्याकडे आली. पोथी म्हणजे कापडात बांधलेली बावन्न सुटी चित्रं. एकेक दाखवत कथा गायची. त्यांच्यावर आकडे नव्हते, क्रम आजोबांच्या डोक्यात. आणि तो गठ्ठा माझ्याच हातून निसटला... सगळी चित्रं फरशीवर. मी अतिशहाणी, उचलली तशीच कोपऱ्यात पेन्सिलीने एक ते बावन्न आकडे टाकून, नोंदीचे फोटो काढून मोकळी झाले.

आजोबांना विचारू म्हटलं, तर त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. त्यांचा मुलगा बाबल म्हणाला, "ताई, माका अर्धीच कथा येता. फुडची बाबांकच ठावक." म्हणजे माझ्या धांदरटपणामुळे एक अख्खी कथा बुडाली. मला अन्न गोड लागेना.

दोन महिन्यांनी, गुरुवारी भरदुपारी, मी पुन्हा ते कपाट उघडलं. किल्ली एकच, माझ्या पर्समध्ये. पहिलं चित्र उचललं — कोपऱ्यात ३७. अरे, मी तर १ घातला होता! दुसऱ्यावर ९. सगळे आकडे बदललेले... खाडाखोड नाही, आणि अक्षर माझंच. नऊची ती माझी लांबडी शेपूटसुद्धा! कॉम्प्युटरवरच्या फोटोंत मात्र जुनेच आकडे.

नवे फोटो काढले, टॅबवर त्या आकड्यांप्रमाणे लावले, स्कूटर काढली आणि पिंगुळी गाठली. आजोबा खाटेवर होते. त्यांच्यासमोर एकेक चित्र धरत गेले. पहिली पंचवीस बाबलने ओळखली, "बरोबर... बरोबर." पुढची त्याला येतच नव्हती. आजोबांची मान मात्र प्रत्येक चित्राला होकार देत राहिली. बावन्नाव्याला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मीही रडले.

बाबल माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, हो क्रम तुमका कोणी सांगल्यान?"

मी टॅबवरचा कोपऱ्यातला आकडा त्याच्यापुढे धरला.

तेवढ्यात आजोबांनी हलता राहिलेला तो एकच हात कसाबसा उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

दोन महिने तो माणूस खाटेवरून उठलेला नव्हता. आणि अक्षर माझं होतं! हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.