पिनेची पूजा

गिरणीत होतो तेव्हा दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय मी कधी साच्याला, म्हणजे मागाला, हात लावला नाही. गिरणी बंद पडली, विमानतळावर ट्रॅक्टर चालवायला लागलो, तरी माझा नियम तोच.

विमानाला आपलं आपण मागे सरता येत नाही. ट्रॅक्टरने ढकलावं लागतं. मध्ये एक लांब लोखंडी दांडा असतो आणि तो ट्रॅक्टरला जाडजूड पिनेने अडकवतात.

त्या दसऱ्याला लालबागहून निघालो, वाटेत दादरला उतरून झेंडूची माळ घेतली, नारळ घेतला. आमचा सुपरवायझर, माझ्या मुलाच्या वयाचा, गेटवरच भेटला.

"काका, माळ आत न्यायची नाही. पाकळी उडून इंजिनात गेली तर?"

"एवढं मोठं विमान, पाकळीने बिघडतं?"

"खडा, कागद, पाकळी, जमिनीवर काही पडलेलं चालत नाही. करवंटीचं तर नावच नको. पूजा बाहेर पार्किंगमध्ये करा."

"मग ट्रॅक्टर आणतो बाहेर."

"त्याला नंबरप्लेट नाही, काका. पोलीस धरतील."

मी सांगून टाकलं, पूजा नाही तर ट्रॅक्टर नाही. तोही तापला. "विमान अडकलं ना, तर तुमचं आत गाडी चालवायचं परमिट काढून घेईन." आणि घेतलं असतं त्याने.

मग मीच तोड काढली. माळ-नारळ बाहेर ठेवून आत गेलो, ट्रॅक्टरची पिन उपसली आणि बाहेर आणली. जाताना कोणी काही विचारलं नाही. पार्किंगमध्ये तिला हळदकुंकू लावलं, माळ घातली, नारळ फोडला. माळ तिथेच ठेवून पिन आणि खोबरं घेऊन परत गेटवर आलो, तर सिक्युरिटीवाल्याने अडवलं.

"ये क्या है?"

"पिन. अंदर की है."

"तो बाहर क्यों आई?"

"पूजा को."

त्याने ती मशीनमधून दोनदा फिरवली. "लोहे का डंडा है. नहीं जाएगा. प्रसाद ले जाओ."

म्हणजे खोबरं आत जाणार आणि पिन बाहेर राहणार. मी पिनेबरोबर राहिलो.

तोवर तिकडे विमानाचे दरवाजे लागले. सुपरवायझर धापा टाकत आतून गेटच्या जाळीपाशी आला, हातात दुसरी पिन. "काका, ही आहे. चला आता."

"हिची पूजा कुठे झालीय?"

"लोक पट्टे बांधून बसलेत हो."

"बसू देत."

त्याने माझ्याकडे बघितलं, सिक्युरिटीवाल्याकडे बघितलं. मग जाळीतून आपली पिन बाहेर काढून माझ्या पिनेला टेकवली. "लागलं कुंकू. आता?"

मी विचार केला. आरतीवर हात फिरवून तोच हात आपण घरच्यांच्या डोक्यावर ठेवतोच की. तेव्हा हे नियमात बसतंय. पण त्यालाही हात जोडायला लावले. पिन काखेत धरून जोडले त्याने.

माझी पिन सिक्युरिटीवाल्याच्या टेबलावर ठेवून मी आत गेलो. विमान ढकललं, परमिट राहिलं. तेव्हापासून लोक मला हटवादी म्हणतात. म्हणोत. पूजेशिवाय चालवला का मी ट्रॅक्टर? नाही चालवला.