सरकीचे तीन दाणे

हसीनाबी पिंजारीण गादी डोळ्यांनी बघत नाही, हातानं बघते. पाचोऱ्यात तिचं गाद्या भरायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकानं जुनी रजई आणून टाकली की ती आधी तिच्यावर पंजा टेकवते, मान जरा वाकडी करते आणि सांगते, "हाई रुई तीन डाव पिंजेल शे, दादा. आते हिन्हामा जीव नही." आणि खरंच उसवली की आत राख झालेला कापूस निघतो.

वय साठीच्या पुढं. बोटांची पेरं सुजलेली, केसांत कायम कापसाचे तंतू, त्यामुळे नेमके किती पिकलेत ते कुणाला सांगता येत नाही. बोली गावाचीच. नमाजातलं सोडलं तर उर्दू तिला चार शब्दांपलीकडे येत नाही. मोहल्ल्यात मयत झाली की कफनाबरोबर लागणारा कापूस हसीनाबीच्या घरून जातो. पिंजून, हलका करून, स्वच्छ फडक्यात बांधलेला. तिची आई जैतूनबीही असाच द्यायची. सगळ्या मोहल्ल्याच्या मेलेल्यांना या घरानं कापूस दिला, पण घरातल्या एका माणसाला तो देता आला नव्हता.

तो माणूस म्हणजे तिचा बाप, सरदार पिंजारी.

सरदारनं पिंजण सोडून स्टेअरिंग धरलं होतं. धुळ्याच्या एका शेठचा मालट्रक तो चालवायचा. धोतर नेसायचा, गळ्यात दर्ग्यावरचा काळा दोरा. गाडीत शेठनं लावलेला सप्तशृंगीचा फोटो होता. सकाळी गाडी सुरू करण्याआधी सरदारच तिच्यापुढं उदबत्ती लावायचा. म्हणायचा, "गाडी शेठनी, देवी शेठनी, उदबत्ती बी शेठनी. मन्हं काय जास?"

एकाहत्तरच्या लढाईत सरकारनं मालट्रक ताब्यात घेतले, ड्रायव्हरसकट. सरदारची गाडी राजस्थानच्या सरहद्दीकडे पाण्याचे पिंप वाहायला गेली. तिकडे थंडी फार म्हणून जैतूनबीनं दोन दिवसांत नवी रजई भरून दिली. घरच्या रजईला तिची एक खूण असायची. एका कोपऱ्यात ती सरकीचे तीन दाणे ठेवून वर टाका घालायची. पिंजाऱ्याच्या कापसात सरकी राहिली तर ती कामातली चूक. गिऱ्हाइकाच्या रजईत एक दाणा निघाला तरी चारचौघांत नाक कापलं जायचं. म्हणूनच घरच्या रजईला मुद्दाम ती चूक; सतरा रजयांतूनही आपली हाताला कळावी म्हणून. सात वर्षांच्या हसीनानं ते तीन दाणे स्वतःच्या हातानं ठेवले होते.

फाल्गुनात गाडी परत आली. देवीचा फोटो जागेवर होता, पाण्याचे पिंप होते, ड्रायव्हर नव्हता. सोबत एक कागद आला होता. शेठच्या मुनिमानं तो जैतूनबीला वाचून दाखवला: चालक गाडी सोडून निघून गेला.

एवढंच लिहिलेलं. कुठं गेला ते कागदात नव्हतं, ते लोकांनी भरलं. सरहद्द तिथून जवळ, माणूस मुसलमान, मग गेला असेल कुठं? शाळेत लोटन नावाचा एक पोऱ्या हसीनाच्या मागं नाचत ओरडायचा, "हसीनाना बाप पाकिस्तानमा पळी गया!" हसीना तिसरीत शाळा सोडून आईजवळ कापूस पिंजायला बसली.

जैतूनबीनं नवऱ्याला ना मेलेला मानलं, ना पळालेला. विधवा बाई चार महिने दहा दिवस घरात बसते, तशी ती बसली नाही. हातातल्या हिरव्या बांगड्या फुटल्या की त्याच दिवशी नव्या भरायची. मोहल्ल्यातल्या बाया आडून बोलायच्या. मरताना मात्र ती हसीनाला म्हणाली, "मन्हा डावा अंगले जागा ठेव. तो कोठे बी असू दे, लई ये." कबरस्तानात तिच्या डाव्या बाजूला एक मोठा दगड पडलेला होता. त्यामुळे ती जागा आपोआपच राहिली.

हसीनाबीनं मग शोधायचं ते शोधलं. फौजेला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की हा माणूस शिपाई नव्हता. जिल्ह्याच्या कचेरीत गेली, तर तिथं म्हणाले, हे फौजेकडे विचारा. शहिदांच्या यादीत तो बसत नव्हता, मेलेल्यांच्याही नाही. स्वतःचा नवरा वारल्यावर एकदा तर ती दोन बायांना सोबत घेऊन जोधपूरपर्यंत जाऊन आली. जिथं जाईल तिथं तिचा एकच सवाल: एकाहत्तरची एखादी बेवारस कबर आहे का?

तिचा पोरगा अरशद फैजपूरकडून केळीची गाडी भरून राजस्थानात नेतो. तोही दर खेपेला धाब्यावर हेच विचारायचा. कबर? नाही बुवा.

बाडमेरच्या पुढं मगाराम नावाच्या म्हाताऱ्याची चहाची टपरी आहे. त्यानंही दोनदा मान हलवून नाही सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला कबरीची गोष्ट निघालीच नाही. चहा पिता पिता अरशद आपला सहज बोलत होता, की आमचा आजा इकडे पाण्याची गाडी घेऊन आला होता, गाडीत देवीचा फोटो होता, रोज उदबत्ती लावायचा. मगारामच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यानं विचारलं, "धोतर नेसायचा का?"

पुढचं तो अरशदला काही सांगेना. म्हणाला, "घरात त्याचं कुणी असेल तर घेऊन ये. मग बोलतो."

पुढच्या खेपेला हसीनाबी केळीच्या गाडीत चढून बसली. पायरी उंच, अरशदनं खालून रेटा दिला. तोवर लोटन येऊन उभा. हाच तो शाळेतला. आता कापसाचा शेतकरी, नातवंडांचा आजा. दर दिवाळीला आपल्या शेतातली चांगली रुई आधी हिच्या दुकानात आणून टाकणारा. लहानपणचं त्यानं कधी काढलं नव्हतं, हिनंही नाही.

"कोठे चालनी व, हसीनाबी? या वयमा केळास्ना गाडीवर?"

"सासरले चालनू. तुले काय करनं शे?"

"सासरना लोके घाबरी जातीन ना!" म्हणत तो हसला. मग तिचा चेहरा बघून बाजूला सरकला. गाडी निघाली तरी हात वर करून उभाच होता.

दोन दिवस कच्च्या केळीचा वास आणि इंजिनाची धग. हसीनाबीच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात कोरं मांजरपाट आणि पिंजलेला कापूस. कबर उघडायला देतील की नुसती माती देतील, काही ठाऊक नव्हतं, पण कफनाची तयारी हवी.

मगारामनं तिला आपल्या घरी नेलं. अंगणात खेजडीच्या झाडाखाली खाट टाकली. खूप वेळ तो पाणी घ्या, चहा घ्या करत राहिला. त्याची मारवाडी तिला निम्मी कळायची, निम्मी अरशद सांगायचा.

तेव्हा मगाराम चौदा वर्षांचा होता. एक पाण्याची गाडी वाळूत रुतली होती. ड्रायव्हर चाकाखाली घालायला झुडपं मागत त्यांच्या वस्तीवर आला. त्याची भाषा कुणाला कळेना, पण हात जोडलेले कळत होते. संध्याकाळ झाली म्हणून राहिला. मगारामची आई दोन दिवसांची बाळंतीण होती, थंडीनं काकडत होती. त्या माणसानं आपली रजई काढून तिच्या अंगावर टाकली आणि स्वतः चुलीजवळ पोतं पांघरून बसला. सकाळी झुडपांचा भारा डोक्यावर घेऊन मगारामच्या बापाबरोबर गाडीकडे निघाला. बाप मागं थांबला होता, दोरी आणायला. तेवढ्यात वरून विमान आलं.

"गाडीला काही झालं नाही," मगाराम म्हणाला. "तो मधेच, उघड्यावर होता."

जेवढं गोळा करता आलं तेवढं बाप-लेकांनी गोळा केलं. लढाईमुळे वस्ती दुपारी रिकामी व्हायची होती, बैलगाड्या भरून उभ्या. आंघोळ घालण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अंगावरचं धोतर पाहिलेलं, गाडीत देवीपुढं उदबत्तीच्या काड्या पाहिलेल्या. बापानं खेजडीची लाकडं रचली.

मगाराम हसीनाबीकडे न बघता म्हणाला, "आम्ही त्याला आग दिली, बाई. तुमचा पोरगा कबर विचारायचा, म्हणून मी नाही म्हणत होतो. त्या दिवशी त्यानं आमचा आजा म्हटलं, स्वतःचं नाव अरशद सांगितलं, तेव्हा समजलो आम्ही काय केलं ते."

हसीनाबी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

"राख? हाडं?" अरशदनं विचारलं.

मडक्यात घालून बापानं ती कोनाड्यात ठेवली होती. कुणीतरी घ्यायला येईल म्हणून अकरा वर्षं वाट पाहिली. रोज दिवा लावला. मग बाप वारला. मगाराम त्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला तेव्हा ते मडकंही घेऊन गेला. दोघांना एकत्रच गंगेत सोडलं.

म्हणजे काहीच नाही. चिमूटभर राखसुद्धा नाही.

"रजई?" हसीनाबीनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

मगाराम आत गेला. त्यानं आणलेल्या रजईचं कापड वेगळंच होतं, तीनदा बदललेलं. बाळंतपणाला घरातल्या प्रत्येक सुनेनं तीच पांघरलेली. हसीनाबीनं पंजा टेकवला. कापूस गोळा गोळा झाला होता. ती कोपरा चाचपत गेली. पहिला. दुसरा. तिसऱ्या कोपऱ्यावर तिची बोटं थांबली. कापड बदलणाऱ्या कुणा तरी बाईनं तो कोपरा न उसवता तसाच आत घेतला होता. तिनं अंगठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन.

मग मात्र ती रडली. वाकून, रजईत तोंड घालून, पन्नास वर्षांचं.

मगाराम म्हणाला, "घेऊन जा. तुमचीच आहे."

तिनं डोळे पुसले. रजई पुन्हा दाबून पाहिली आणि म्हणाली, "अशी टाकतस का रे लेकरेस्ना आंगवर? दगड व्हई गया कापूसना. काठी आन." सगळी दुपार ती खेजडीखाली कापूस झोडपत बसली. रजई उसवली, पिंजली, पिशवीतला कफनाचा कापूस आणि मांजरपाट तिच्यात घातलं आणि पुन्हा भरून, टाके घालून मगारामच्या सुनेला दिली. जुन्यातला मूठभर कापूस आणि ते तीन दाणे तेवढे फडक्यात बांधून घेतले.

परतीच्या वाटेवर अरशदनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "माय, गावमा आगनं सांगू नको. कबर व्हती म्हनी सांगी दे. कोन जास तठे दखाले?"

"मन्ही मायनी जन्मभर हातमा बांगड्या ठेव्यात. खोटं सांगाले ठेव्यात का?"

"लोके बोलतीन, माय."

"लोके पयले बी बोलनात. आते खरं बोलतीन."

पाचोऱ्यात गाडीतून उतरली तेव्हा लोटन दुकानाच्या ओट्यावर बसलेला होता. चार दिवस रोज येऊन बघून जायचा म्हणे.

"सापडना का बाबा?"

"सापडना," हसीनाबी म्हणाली. "पन तुन्हा पाकिस्तानमा नही सापडना. आठेच व्हता, आपला मुलूखमा. रुतेल गाडी काढाले गया नि मरना. मारवाडना लोकेस्नी त्याले आग दिधी."

"आग? तुम्हना लोकेस्मा तर..."

"हं. तुम्हना लोकेस्नासारखी. आते बोल."

लोटननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "मी तव्हय लहान व्हतू, हसीनाबी."

"मी बी लहान व्हतू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अरशदला घेऊन कबरस्तानात गेली. बाया आत जात नाहीत, म्हणून ती भिंतीबाहेर उभी राहिली. भिंतीवरून नुसतं तिचं डोकं दिसत होतं. पलीकडच्या रस्त्यावर लोटन चपला काढून थांबला होता. अरशदनं मोठा दगड बाजूला लोटला, हातभर खड्डा खणला, फडकं सोडून कापूस आणि दाणे आत ठेवले.

"मायकडे सरकाव," ती बाहेरून म्हणाली. "आजून. हां."

अरशदनं मूठभर माती लोटली आणि हात झटकले.

"इतली नको, जास्त टाक," हसीनाबी म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी भिंत धरली होती. "दाबी दे चांगलं. कापूस शे तो. वारानी उडी जास."