शहापूर विरुद्ध मुरबाड

"मॅडम, इन लोगों में भूख नहीं है," प्लांट हेड म्हणाले. कॅन्टीनमधून वरणाच्या फोडणीचा वास येत होता, त्यामुळे भूक तर सगळ्यांनाच लागली होती. साहेबांना हवी होती ती दुसऱ्याच्या पुढे जाण्याची भूक. ती पेटवायला त्यांनी मला बोलावलं होतं.

मी कंपन्यांमध्ये इंग्लिश आणि सॉफ्ट स्किल्स शिकवते. सॉफ्ट स्किल्स म्हणजे मनात शिव्या असताना चेहऱ्यावर हसू ठेवणं. ही कंपनी शहापूर-मुरबाड रस्त्यावरची. काम औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायचं. पॅकिंगच्या दोन लाइनी, म्हणजे दोन लांब सरकते पट्टे आणि त्यांच्या कडेला उभ्या कंत्राटी बायका. कंपनीची एक गाडी शहापूरकडून यायची, एक मुरबाडकडून. ज्या गाडीतून उतराल ती तुमची लाइन.

हेड ऑफिसचा हुकूम आला होता. तीन महिने दोन्ही लाइनींची स्पर्धा लावा. जी मागे पडेल ती बंद करा. साहेबांनी उत्साहाने भिंतीवर बोर्ड ठोकला, 'शहापूर वर्सेस मुरबाड'. मला म्हणाले, "गिव्ह देम विनिंग वर्ड्स."

मग दर शनिवारी कॅन्टीनमध्ये मी दुसऱ्याला मागे टाकायची क्रियापदं शिकवू लागले. आपण 'मागे टाकलं' म्हणून मोकळे होतो. इंग्रजांनी या एका कामासाठी अख्खं कपाट भरून ठेवलंय. बीट हा साधा, मैदानातला शब्द. कबड्डीत समोरच्या टीमला बीट करायचं. एक्सीड माणसाला करत नाहीत, मर्यादेला किंवा टार्गेटला करतात. नाशिक हायवेवर स्पीड लिमिट एक्सीड केली की मोबाइलवर दंडाची पावती येते. आउटडू म्हणजे समोरच्याने एक केलं की त्याच्यावर कडी करायची. लग्नात नवरीपेक्षा करवलीच उठून दिसली, तर ते आउटशाइन. सरपास सर्टिफिकेटवर छापतात. तो बोलताना वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि आउटपरफॉर्म एचआरचा लाडका, अप्रेझलच्या दिवसांत उठता-बसता ऐकू येतो.

"करवलीचा बरोबर हाय," शेवंता म्हणाली. ही शहापूर लाइनची लीडर. "माज्या लग्नात माज्या नणदेनं तेच केला."

मुरबाड लाइनची लीडर रेखा वही मिटून बसली होती. "मॅडम, सायबांना हे सगले शब्द येतात?"

"येतात की."

"मंग त्यांनाच भरू द्या खोकी."

वर्ग हसून लोळला. मीही हसले. पण हसताना सगळ्यांना ठाऊक होतं की तीन महिन्यांनी यांच्यातल्या अर्ध्या घरी बसणार.

दुसऱ्या महिन्यात मला बोर्डाचं नवल वाटू लागलं. आज शहापूर पुढे, उद्या मुरबाड, आणि फरक कधी वाढतच नव्हता. एका दुपारी मी वर्गाआधी आत डोकावले. मुरबाड लाइनचं टेप लावायचं मशीन अडकलं होतं आणि शेवंताच्या बायका तिकडे जाऊन हाताने टेप मारत होत्या. खोकी मोजली जात होती मुरबाडच्या नावावर.

"शेवंताताई, हे काय चाललंय?"

"आवणी," ती न थांबता म्हणाली. "आपली पात आदी सरली त शेजारणीची धरतो आमी. सगल्या एकदम बांधावर."

आवणी म्हणजे भाताची लावणी आणि पात म्हणजे तिच्यात एकेकीच्या वाट्याला आलेला पट्टा, एवढं मलाही ठाऊक होतं.

"अहो, पण ही स्पर्धा आहे. एक लाइन बंद होणार आहे!"

"म्हनून तर," रेखा म्हणाली. "आमी मागं राह्यलो त आमी घरी, त्या राह्यल्या त त्या. मागं कोनी राह्यलाच नाय, त कोनाला काढतील? तुमी सायबांना सांगनार का?"

सगळ्यांचे हात थांबले. मला बोलावणारे साहेब होते, पुढची कामंही तेच देणार होते. पण या बायकांच्या घरची चूल माझ्या तोंडून विझावी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

"माझा विषय इंग्लिश आहे," मी म्हटलं. "खोक्यांची मोजणी नाही."

शेवटच्या संध्याकाळी बोर्डावर दोन्हीकडे एकच आकडा होता. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. तोच आला.

"सो हू वन?" ते ओरडले.

शेवंताने हात वर केला. "सर, वी बोथ एक्सीडेड द टार्गेट."

क्रियापद अचूक होतं, माझा ऊर भरून आला. आणि ते खरंही होतं. पूर्वी एक मशीन अडकलं की त्या लाइनीच्या बायका बसून राहायच्या. आता दुसऱ्या लाइनीच्याही धावत येत होत्या. माल कधी नव्हे एवढा भरला होता.

"मॅडम, आपने क्या सिखाया इनको?"

"व्होकॅब्युलरी, सर."

साहेब चिडले, पण कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हेड ऑफिसला कळवलं की आपल्या नेतृत्वाखाली हा प्लांट कंपनीच्या बाकीच्या प्लांट्सना आउटपरफॉर्म करतोय. त्यांना प्रमोशन मिळालं. दोन्ही लाइनी वाचल्या. माझं ट्रेनिंग मात्र 'उद्दिष्ट साध्य' म्हणून बंद झालं.

पुढे कळलं की एक लाइन बंद करायचीच, हे हेड ऑफिसने आधीच ठरवलं होतं. ती त्यांनी केली, परराज्यातल्या प्लांटमध्ये. तिथल्या बायकांना आपण स्पर्धेत आहोत हे कुणी सांगितलंही नव्हतं.

मी शेवंताला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "तिकडं पात धरायला आपली गाडी जात नाय ना, मॅडम."

आता कुठल्याही कंपनीने मला आउटपरफॉर्म शिकवायला सांगितलं की मी आधी विचारते, मागे कोण राहणार आहे? उत्तर येत नाही. चहा येतो.